ताळी सापडली

चिठ्ठी आली तेव्हा मी पडवीत येरझाऱ्या घालत होतो. यात नवल काही नाही, गेले सहा महिने मी दुसरं काही करतच नाही. पायाला भिंगरी आणि जायला ठिकाण नाही, अशी गत. शाळा चालू असती तर निदान पोरांवर ओरडून दिवस गेला असता, पण वैशाखात पोरं तरी कुठून आणायची? पट्टीश्वरमच्या बसचा कंडक्टर आला, घामानं ओला झालेला एक कागद माझ्या हातात कोंबला आणि "वाध्यार, महालिंगनं दिलाय, तातडीचा आहे म्हणे," एवढं सांगून पळाला. कोपऱ्यावर बस उभी होती त्याची. इकडे मास्तरला वाध्यार म्हणतात.

कागदावर तमिळमध्ये दोनच ओळी होत्या. महालिंग पट्टीश्वरमला आमची थोडीशी जमीन कसतो. त्याला अक्षरं मीच शिकवली, तीही सहीपुरती, त्यामुळे एवढं लिहिताना त्याची दमछाक झाली असणार. मी ते मोठ्यानं वाचलं, आणि तिथेच चुकलो.

"ताळी मिळाली. लगेच या. कुणाला सांगू नका."

स्वयंपाकघरात ताक घुसळायचा आवाज थांबला. अंबुजा, माझी बायको, दारात आली. तिची बोटं लोण्यानं माखली होती.

"ताळी?" ती म्हणाली. "कोणाची ताळी?"

इथे जरा थांबून सांगायला हवं. मंगळसूत्राला तमिळ माणसं ताली म्हणतात. आम्ही तंजावरकडचे मराठी. पावणेतीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज दख्खनेतून इकडे आले. आम्ही उंबऱ्याबाहेर तमिळ बोलतो आणि उंबऱ्याच्या आत आमचं जुनं मराठी. आमच्या घरात मंगळसूत्राला ताळी म्हणतात. महालिंगनं ळ लिहिला होता. एखाद्या तमिळ माणसाच्या हातात तो कागद पडला असता तर तो त्या ळवर अडखळला असता, हे काय लिहिलंय म्हणून त्यानं चौकशी केली असती. आम्ही दोघं अडखळलो नाही. आमच्या घरातलाच शब्द होता तो.

विजयलक्ष्मी आमची एकुलती एक मुलगी. वीस वर्षांची. आडुतुरैला दिली होती. गेल्या कार्तिकात ती तिरुप्पनंदाळला नणंदेच्या मुलाच्या बारशाला गेली आणि परतताना वादळात सापडली. कालव्याचा बांध फुटला. गाडीवान झाडाला धरून वाचला. बैल दुसऱ्या दिवशी मेलेले मिळाले, गाडीचं एक चाक मिळालं, बारशाच्या लाडवांचा डबासुद्धा मिळाला, झाकण घट्ट बसलेला. विजू मिळाली नाही. मी एकेक गाव पालथं घातलं, दवाखाने, धर्मशाळा, देवळं. कुणी सांगितलं की अमुक घाटावर एक वेडी मुलगी बसते की मी निघालोच.

महिन्यापूर्वी व्याह्यांचं, शेषाद्रीरावांचं, पत्र आलं. माणूस वाईट नाही. त्यांनी लिहिलं होतं की आता पालाशविधी करून टाकावा. देह मिळाला नाही की पळसाच्या तीनशे साठ देठांचं माणूस मांडायचं, हाडाच्या जागी देठ, आणि त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे गेलेल्याची वाट मोकळी होते. त्यांच्या वेंकटेशचीही वाट मोकळी होणार होती. पंचवीस वर्षांचा जावई, तो किती दिवस असा अधांतरी राहणार? पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानांची मुलगी करून जाळू? माझी मुलगी मेली असं सांगितलं कुणी? मी पत्राचे तुकडे केले. अंबुजा खाली बसली. तिनं ते तुकडे वेचून एका डब्यात ठेवले. मला वाटलं, तीही माझ्याच बाजूची आहे.

पुढची बस चार वाजता होती. मला चार मिनिटं थांबता येत नव्हतं, म्हणून जटका केला, आमच्याकडचा एका घोड्याचा टांगा. अंबुजा लोण्याचे हात पुसून शेजारी येऊन बसली. घोडा म्हातारा निघाला. मी दोनदा खाली उतरून त्याच्या पुढे चालायला लागलो, तेव्हा जटकेवाला म्हणाला, "सामी, तुम्हीच ओढता का? मी मागे बसतो." एरवी मी त्याला चांगलं ऐकवलं असतं.

विजूची ताळी अंबुजानं स्वतः ओवली होती. काळ्या मण्यांत एकच लाल पोवळं, दृष्ट लागू नये म्हणून. सहा महिने मी ते पोवळं डोळ्यांपुढून हाकलत होतो, आणि त्या वाटेवर ते हटेना. कुणाला सांगू नका, असं का लिहिलं? देहाबरोबर मिळाली? कुणी चोरून विकायला आणली? मी देवाला हात जोडतो तो सणावारी, पण त्या जटक्यात मी मनातल्या मनात एकच घोकत होतो. तिची नसू दे. दुसऱ्या कुणाचीही असू दे, तिची नसू दे.

अरसलार नदीच्या पुलावर मला एकदम सुचलं. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि जोडीला भूगोलही, आणि एवढी साधी गोष्ट मला अर्ध्या वाटेवर सुचावी!

"अंबू," मी जवळजवळ ओरडलो, "अगं, पाणी पूर्वेला वाहतं. तिरुप्पनंदाळ खाली आहे, पट्टीश्वरम वर. बुडालेली वस्तू उलटी वर कशी येईल? ती विजूची असणं शक्यच नाही!"

मला हसू फुटत होतं. अंबुजा समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"असूं दे," ती म्हणाली. "आतां निघालोंच आहों. चला."

तो आवाज मला आवडला नाही. पण का आवडला नाही याचा विचार करायला मला फुरसत नव्हती. मी पुन्हा खाली उतरलो.

शेताच्या बांधावर महालिंग उभा होता. दुःखाची बातमी द्यायला आलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. दात दिसत होते सगळे.

"सामी! वीस वर्षं माझं डोकं खाल्लंत ना? मिळाली! विहीर खणताना पहारीला लागली. गडी म्हणत होते आत सोनं असेल, फोडूया. मी सगळ्यांना घरी पाठवलं."

खड्ड्यात, कमरेएवढ्या खोलीवर, एका प्रचंड रांजणाचा खांदा मातीतून वर आला होता.

ताळी! फार प्राचीन काळी या मुलखात मेलेल्या माणसाची हाडं रांजणात घालून पुरत असत. त्या रांजणाला तमिळमध्ये जो शब्द आहे, त्याच्या शेवटी ल नाही आणि ळही नाही. तिसरंच अक्षर आहे, जीभ मागे वळवून घोळवायचं. खेड्यात ते घोळवत बसायला वेळ कुणाला आहे? तिथे सरळ ळ म्हणतात, म्हणजे ताळीच. महालिंग बोलला तसं त्यानं लिहिलं, आणि आम्ही घरी बोलतो तसं ते वाचलं. बरं, कुणाला न सांगता आधी मला कळव, हा हुकूम माझाच होता. ज्या शेतकऱ्याला भेटलो त्याला मी हे बजावलेलं होतं. शाळेत माझं नावच खापरमास्तर पडलंय. काय करणार, क्रमिक पुस्तक उघडलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. आदिमानव जाव्यात सापडतो, शेती नाईलवर पिकते, लिपी सुमेरमध्ये, शहरं सिंधूवर. सगळी संस्कृती दुसऱ्याच्या नदीवर! आमच्या कावेरीला अर्धं पान, तेही देवळांचं. मी दर वर्षी वर्गात विचारतो, माणूस माणूस कधी झाला? कुणी म्हणतं विस्तव पेटवला तेव्हा, कुणी म्हणतं चाक केलं तेव्हा. मग मी माझं उत्तर देतो, लिहायला लागला तेव्हा, आणि खडू ठेवतो.

मी खड्ड्यात उडी मारली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी विजूला विसरलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

रांजणाच्या तोंडावर दगडाची चीप होती. मी आणि महालिंगनं ती सरकवली. आत माती बसली होती, तिच्यात हाडं, आणि हाडांना टेकवून तीन लहान वाडगी, आतून काळी, बाहेरून लाल, अजून तकाकी असलेली. मी हातानं माती काढत होतो आणि बडबडत होतो. हे बघ लोखंड, हे बघ वाडग्याच्या बुडाला भाताच्या तुसाचा ठसा, म्हणजे भात पिकत होता, इथे, आमच्याकडे, कदाचित अडीच हजार वर्षांपूर्वी! मी मद्रासच्या म्युझियमला लिहायच्या इंग्रजी पत्राचा मायना मनात जुळवत होतो.

अंबुजा काठावर येऊन बसली होती. "कोण आहे ते?" तिनं महालिंगला तमिळमध्ये विचारलं.

"आई, जुनी माणसं," महालिंग म्हणाला. "माझी आजी सांगायची. तेव्हा म्हातारी माणसं मरतच नसत. लहान लहान होत जायची, बाहुलीएवढी. मेलेली नाहीत आणि जिवंतही नाहीत. मग घरातली माणसं रडत रडत त्यांना ताळीत बसवायची, जवळ भात ठेवायची, दिवा ठेवायची, आणि झाकायची."

मला असली भाकडकथा सहन होत नाही. "म्हातारं कुठलं!" मी जबडा उचलून उन्हात धरला. "दाढा बघ, झिजलेल्याच नाहीत. अक्कलदाढ अजून पुरती वर आली नाही. ही व्यक्ती फार तर अठरा-वीस वर्षांची..."

तोंडातून शब्द गेला तो गेला. जबडा हातात तसाच धरून मी उभा राहिलो.

अंबुजा खड्ड्यात उतरली. लुगडं सावरून, महालिंगनं पुढे केलेला हात न घेता. तिनं माझ्या हातातला जबडा घेतला आणि होता तिथे ठेवला. मानेच्या जागी मातीत काही लाल मणी होते. एक तिनं उचलला. पदरानं पुसला. पण ते पोवळं नव्हतं, लाल दगडाचा मणी होता, बारीक भोक पाडलेला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"वाटेंत मी देवाला म्हणत होतें," ती म्हणाली, "तिचीच असूं दे."

मला आधी अर्थच लागला नाही. "मी तर..."

"तुम्ही नसूं दे म्हणत होतां. ठाऊक आहे मला." तिनं मणी परत मातीत ठेवला. "हिच्या आईला कळलें तरी. उदंड रडली असेल. पण हातानें ठेवलें तिनें, भात ठेवला, अणी घरीं गेली. मी कोठें जाऊं? सहा महिने दारांत उभी आहें मी. तुमच्या चालण्याचा आवाज ऐकत."

मी वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या पायाशी होतं आणि मला ते दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. मला वाटत होतं की मी आशा जिवंत ठेवतोय. माझ्या बायकोला मी दारात उभं करून ठेवलं होतं. माझ्या मुलीलाही कुठल्यातरी दारात.

"भात आहे घरी?" अंबुजानं महालिंगला तमिळमध्ये विचारलं. तो धावत गेला आणि केळीच्या पानावर मूठभर घेऊन आला. तिनं तो मधल्या वाडग्यात घातला. मग माझ्याकडे पाहिलं.

"झांका आतां. तुमच्या म्युझियमला लिहा, येऊं देत त्यांना, पाहूं देत. पण आधीं आपलें करा."

चीप मीच सरकवली. जड होती. वरून चार पाट्या माती ओढली. महालिंगनं पाटी उचलून बाजूला ठेवली. त्याला काय कळलं नि काय नाही, मी विचारलं नाही.

"महालिंग," मी म्हणालो, "इथे पळस आहे का कुठे?"

"देवळाच्या तळ्याशी एक आहे, सामी. आताच नवी पानं फुटलीत. किती हवीत?"

मी शिक्षक आहे. माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल.

"तीनशे साठ," मी म्हणालो. "देठासकट."

तो दोन टोपल्या भरून आला तेव्हा ऊन कललं होतं. जटकेवाला हाका मारत होता. मी बांधावर मांडी घालून बसलो. अंबुजा पानं खुडून देठ माझ्या हातात देत होती, मी ते वेगवेगळे लावत होतो. पोथीत ठरलेलं आहे ते. डोक्याला चाळीस. मानेला दहा.

मानेचे दहा मी दोनदा मोजले. ताळी तिथे बसायची.