हुलग्याची पहिली वाटी

कुणाला खरं वाटणार नाही, सांडूला तर मुळीच नाही, पण मी माझ्या बायकोला घरात सगळ्यांच्या आधी जेवायला लावलं.

सांडू माझा लहानपणापासूनचा दोस्त. माझ्या बायकोची, मालनबाईची, तब्येत बघायला म्हणून तो रविवारी सकाळच्या एसटीनं पिशोरहून आला होता. मुकुंदवाडीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत आम्ही दोघं म्हातारे बसलो होतो. आत मालनबाईची भांडी वाजत होती, म्हणून मी आवाज खाली घेऊन त्याला ही गोष्ट सांगितली.

"लई फेकतो कडुबा तू," तो म्हणाला. "वहिनीला जेवताना आजवर बघितलंय का कुणी?"

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. लग्नात मी तिला घास भरवतानाचा एक फोटो आहे, तेवढाच काय तो पुरावा. घरातल्या सगळ्यांचे हात वाळल्यावर ती चुलीकडं तोंड करून बसायची आणि भाकरीच्या तुकड्यानं भांडं पुसून खायची. तिची आई तशीच, माझीही आई तशीच. घट्ट वरण पाहुण्याला, त्याखालचं पोरांना, आणि पाणी उरलं की ते हिचं. याला आम्ही कधी उपास म्हटलं नाही. रीत म्हटलं.

मग तिच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन नीट झालं, पण बाई वाळत चालली. वजन अडतीस किलो. डॉक्टर म्हणाले, तेल-तूप अगदी बेतानं आणि प्रोटीन भरपूर. अंगावर मांसच उरलं नाही तर एक दिवस उठता यायचं नाही. सूनबाईनं, मोनालीनं, तक्ता लिहून फ्रिजवर चिकटवला. डाळी, कडधान्यं, अंड्याचा पांढरा भाग, साय काढलेलं दही, मासे, कातडी काढलेली कोंबडी. मालनबाईनं तो वाचून घेतला आणि ती म्हणाली, "तर्री नाय त्याला रस्सा म्हणायचं काय? मेलेल्या माणसाच्या घरचं जेवण हे."

तेव्हा मी सत्तरीत पहिल्यांदा कमरेला पंचा बांधला आणि गॅसपाशी उभा राहिलो. जाफरगेटच्या बाजारातून हुलगे आणले.

"हुलगे म्हणजे काय चीज आहे ठाऊक आहे का तुला?" मी सांडूला विचारलं. "माझ्या आज्यानं ओंजळभर खाल्ले अन् दौलताबादच्या चढावर अडकलेला टांगा उचलून वर नेला. घोड्यासकट."

"अन् टांगेवाला?"

"तो वर बसून भाडं मागत होता."

तर हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, हिरवी मिरची वाटून घातली, शेंगोळे वळले आणि उकळत्या पाण्यात सोडले. तेल नाही. लसणाच्या पाकळ्या तव्यावर कोरड्याच भाजून, ठेचून वरून घातल्या, की घरभर वास. मटकीला मोड आणून वाफवली, तिच्यावर कांदा आणि लिंबू. डाळव्यांची चटणी केली. जायकवाडीचा मासा चिंचेच्या कोळात शिजवला. अंड्याच्या पांढऱ्याची भुर्जी कांदा-टमाट्याच्या अंगच्या पाण्यावर परतली. सगळे बोटं चाटायला लागले, आणि मी मिशीवरून हात फिरवत हिंडू लागलो.

तीन आठवड्यांनी काट्यावर मालनबाई सदतीस. पोरगा संघपाल मात्र दोन किलोनं वाढला, आणि मी एका किलोनं.

आमची चूक तेव्हा कळली. रांधायचं मी शिकलो होतो. वाढायचं मात्र तिच्याच हातात ठेवलं होतं. शेंगोळे पोराच्या डब्यात जात, मासा सुनेच्या ताटात, आणि ही मागं राहिलेल्या पाण्यात भाकरी कुस्करायची. डॉक्टर म्हणाले, अजून दोन किलो उतरलं तर दवाखान्यात ठेवून नळीनं भरवावं लागेल.

मी रागावलो, हात जोडले. एकदा ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं. ती नुसती बघत बसली. "तुम्ही उपाशी असताना घास उतरत नाय मला," म्हणाली. नाटक नव्हतं ते. खरंच उतरत नव्हता. एवढ्या वर्षांत गळाच तसा झाला होता.

त्या दिवशी मी बराच वेळ मटकी निवडत बसलो. स्वतःसाठी खाणं या बाईला जमत नाही. पण दुसऱ्याचं काम म्हणून ती डोंगरही फोडील. मग जेवणच काम करून टाकलं तर?

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून सांगितलं, "बीपीच्या गोळ्यांनी माझी जीभ मेली. मीठ कळंना. जास्त मीठ पोटात गेलं तर मी संपलो. कुणीतरी आधी खाऊन बघाया पाहिजे."

तिनं नेहमीसारखा रश्शाचा थेंब तळहातावर घेतला.

"तसं नाय," मी म्हणालो. "मीठ तळाशी बसतं. वाटी तळापर्यंत खायची, मग सांगायचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग बसली, आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांची अख्खी वाटी माझ्यासमोर संपवली. मी उपाशी, ती जेवतेय. तिचा चेहरा घास चावताना कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. डाव्या गालाला खळी पडते.

तेव्हापासून दोन्ही वेळा हेच. आज बेचाळीस किलो आहे, जिना चढते, मला रागावतेही.

"तीन महिने झाले सांडू," मी मांडी थोपटत म्हणालो, "अजून तिला पत्ता नाय. एवढ्या हुशार बाईला असं फसवलेला माणूस जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाय."

आतली भांडी थांबली होती. मालनबाई दारात आली. पाहुण्याचं ताट अजून वाढलेलं नव्हतं आणि तिच्या हातात अर्धी संपलेली वाटी होती. तोंडातला घास तिनं सावकाश गिळला.

"खोटं बोलतायत ते, भाऊजी," ती म्हणाली. "मीठ तळाशी बसत नाय, हे मला परकरात होते तवापासून ठाऊक आहे. चौथ्या दिवशी ह्यांच्या वाटीत मी मुद्दाम अर्धा चमचा मीठ जास्त टाकलं. ह्यांनी तोंड वाकडं केलं, तांब्याभर पाणी प्याले, अन् म्हणाले, झकास झालंय."