आडवं भांडं

नवऱ्याचा लाकूड कातायचा लेथ आमच्या घरात आहे म्हणण्यापेक्षा आम्हीच लेथच्या घरात राहतो म्हणावं. मधल्या दाराला मी ओली चादर लावते, फटीत चिंध्या कोंबते, तरी लाकडाचा बारीक भुगा बाळाच्या उशीपर्यंत पोचतोच. बाळ खोकतं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून विचारलं, घरात कसली धूळ असते का. मी हो म्हटलं.

सुटकेची वाट एकच होती. नवऱ्यासारखं कातकाम करणाऱ्यांची एक सामाईक कार्यशाळा आहे, तिथं एक जागा रिकामी झाली होती. ती मिळाली तर लेथ तिकडे हलणार होता. निवड होणार एका भांड्यावरून, आणि भांडं दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं.

नवरा सकाळपासून त्यालाच चिकटला होता. सासूबाई बाळाला मांडीवर थोपटत म्हणाल्या, की तुझा नवरा भांडं कमी आणि भुसाच जास्त करतोय. मला हसायचंही त्राण नव्हतं.

दुपारी त्याने आत बोलावलं. भांडं आतून कोरून झालं होतं. कड पातळ, बाहेरचं वळण एका दमात उतरलेलं. आता फक्त घासायचं राहिलंय, म्हणाला.

मी विचारलं, "उभं करून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. लेथवर भांडं दिवसभर आडवं फिरतं आणि डोळा त्या आडव्यालाच सरावतो. ज्या लोखंडी जबड्यात ते पकडलेलं असतं, त्याच्यासकट त्याने ते काढलं आणि टेबलावर उभं केलं.

भांड्याचं पोट, म्हणजे सगळ्यात फुगीर भाग, अगदी मधोमध आलं होतं. नवीन लग्न झालेलं तेव्हा त्यानेच मला शिकवलं होतं, की पोट मध्याच्या वर हवं, बूड लहान हवं, म्हणजे भांडं जमिनीवरून जरा उचलल्यासारखं दिसतं. हे तर जेवून सुस्तावलेल्या माणसासारखं बसलं होतं.

छान आहे म्हटलं असतं, तर त्या दिवसापुरता भुगा थांबला असता. बाळ पलीकडे खोकत होतं.

"बोल की," तो म्हणाला. "तू गप्प बसलीस की मला जास्त धास्ती वाटते."

"बसलंय रे ते. खालून अजून काढायला हवं."

"खालची भिंत आधीच पातळ आहे. भोक पडलं तर सगळंच गेलं."

"माहितीये मला."

सासूबाई बाळाला घेऊन अंगणात गेल्या. तो पोटाखालून लाकूड तासायचा, लेथ थांबवायचा, टिचकी मारून कान द्यायचा. आवाज दर वेळी आणखी पोकळ होत गेला. मी बटणापाशी उभी होते. अजून केसभर, असं म्हणत त्याने पटाशी पुन्हा पुढे केली आणि मी लेथ बंद केला. तो चिडला, पण पटाशी त्याने खाली ठेवली. आम्हा दोघांतही भांडायची ताकद उरली नव्हती.

उभं केल्यावर भांडं पुरतं उचललेलं दिसत नव्हतं. पण बसलेलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते देऊन तो परतला. कार्यशाळेच्या म्हाताऱ्या प्रमुखबाईंनी भांडं हातात फिरवून, खालून आणखी थोडं काढलं असतं तर बरं, एवढंच म्हटलं होतं. चपला काढता काढता तो म्हणाला, "रविवारी टेम्पो सांगितलाय."

लेथ गेला. रिकाम्या खोलीची फरशी मी पुसली, परत पुसली, तरी फडकं पिवळंच निघालं. बाळ दुपारभर न खोकता झोपलं. मला पडायची संधी होती. मी त्याच्या नाकापाशी बोट धरून बसून राहिले.