दहावं करडू

रविवारी पहाटे साडेपाचला कुंडलिका नदीवर, अष्टमी गावाजवळच्या पुलावर नितेशची मोटारसायकल उभी सापडली. चावी गाडीलाच होती. शिफ्ट संपवून रोह्याहून कासूला घरी निघालेला नितेश मात्र नव्हता. दिवसभर होड्या नदी धुंडाळत राहिल्या. हाती काही लागलं नाही.

सोमवारी सकाळी त्याच्या आईने, रंभाने, दावणीचं काळं करडू सोडलं. नवरा पोपट ओट्यावर बसला होता.

"कुठं चाललीस गो त्याला घेऊन?"

"पास्टरांकडं. प्रभूचं हाय ते."

"मग तवा लंगडं नेऊन दिलंस, ते कोणाचं व्हतं? देवाला बी गिऱ्हाईक समजलीस व्हय?"

पोपट प्रार्थनेला कधी जात नसे, पण बोलला ते खरं होतं. पावसाआधी त्या वर्षी झालेली करडं एकेक करून फाटकातून सोडली, तेव्हा दहावं हे काळं निघालं. दहावं निघेल तो दशांश. चांगलं-वाईट बघायचं नाही, बदलायचं नाही, हा संगतीतला, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या ख्रिस्ती मंडळीतला, नेम. काळं सगळ्यांत धडधाकट. "दिशाच्या पयल्या वाढदिवसाला ठेव," नितेश लेकीकडे बघून म्हणाला, आणि रंभाने लंगडं करडू प्रार्थनाघरी पोचवलं.

सुजय पास्टरांना तिने हे सगळं सांगितलं. "आता हे घ्या. नितेशसाठी अर्पण."

पास्टरांनी करडाची दोरी हातात घेतली. "मावशी, हे तर तवापासूनच प्रभूचं. दशांश आपण देत नाय, परत करतो. अर्पण आपल्यातलं असतं. पण ते कोणी मागत नाय. मनात असलं तर द्यायचं. आणि नितेशचा याच्याशी संबंध लावू नका."

शेवटचं वाक्य तिच्या कानात शिरलंच नाही. घरी येऊन तिने दुभती शेळी सोडली. घरात दुधाची तेवढी एकच होती.

सून अपेक्षा आठ महिन्यांच्या दिशाला घेऊन आडवी आली. "आई, पोरीनं काय प्यायचं?"

"पावडर आणू."

"कोण आणणार?"

रंभा बाजूने निघून गेली. पास्टर घरी नव्हते. तिने शेळी प्रार्थनाघराच्या गजाला बांधली आणि ती मागे न बघता परतली.

बुधवारी दुपारी हवालदार आला. नितेशचा फोन सोमवारी पेणमध्ये थोडा वेळ चालू झाला होता. कोणाच्या हातात होता, माहीत नाही.

"जिता हाय माझा पोर," पोपट उठून उभा राहिला.

रंभाने विचारलं, "किती वाजता? शेळी बांधायच्या आदी का मागनं?"

हवालदाराने पोपटकडे पाहिलं. "वेळ साहेबांना ठाव. विचारून सांगतो."

बुधवारी संध्याकाळपर्यंत वेळ कळलेली नाही. फोन पुन्हा बंद आहे.