ब्रेकवरचा पाय

आमच्या बाहेरच्या खोलीत दोन यंत्रं आहेत. एक माझं शिवणयंत्र, आणि दुसरी ह्यांची गाडी, जी आजवर एक इंचसुद्धा पुढे सरकलेली नाही.

गाडी म्हणजे काय, तर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. हे लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे लोखंड कापणं-जोडणं म्हणजे ह्यांच्या हातचा मळ. त्यावर भंगारातल्या कुठल्याशा मोटारीची सीट, समोर स्टिअरिंग, खाली पेडल आणि भिंतीला लांबलचक स्क्रीन. स्टिअरिंगच्या मागे मोटर आहे. पडद्यावरचा रस्ता वळला की ती उलटा हिसका देते आणि हे दोन्ही हातांनी तिच्याशी झटापट करतात. पन्नाशी उलटलेला, डोक्यावरचं छप्पर उडालेला माणूस कानाला हेडफोन लावून "आतून येतोय, आतून येतोय!" असं ओरडतो, तेव्हा कपडे टाकायला आलेलं गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघतं. मी म्हणते, तिकडे लक्ष देऊ नका, पँट किती आखूड करायची ते सांगा.

चिडायची मी, नाही असं नाही. एक दिवस ही वायर उपटून टाकीन, असं रोज म्हणायची. पण खोटं कशाला बोलू, ह्या खेळाने ह्यांना माणसं दिली. एक कप्तान, म्हणजे दुसऱ्या गावचे दातांचे डॉक्टर. दुसरे मास्तर, शाळेत गणित शिकवतात. ह्या तिघांची टीम. महिन्यातून एका रविवारी लांब पल्ल्याची शर्यत असते. सकाळी सुरू होते ती दुपार कलेपर्यंत. गाडी एकच, ती तिघांनी आपापल्या घरी बसून आळीपाळीने चालवायची. समोरासमोर हे तिघं फार तर दोन-चारदा भेटले असतील, पण माझ्या सख्ख्या दिराला जे माहीत नसतं ते कप्तानांना माहीत असतं.

ह्यांचं नाव होतं ते ब्रेकसाठी. तो ब्रेक कसा असतो हे ह्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. पेडल किती खाली गेलं हे तो बघतच नाही, पायाने किती जोर दिला ते बघतो. जोर जास्त झाला की चाकं जाम होऊन गाडी घसरते, कमी पडला की वळण हातचं जातं. तो मधला जोर डाव्या पायाच्या चवड्याला कळावा लागतो. म्हणून हे बूट घालत नाहीत, नुसते मोजे घालून बसतात. सगळे घाबरून ब्रेक मारून मोकळे झाले की त्यांच्यानंतर हे मारायचे, आणि तिथेच दोघा-तिघांना मागे टाकायचे.

गेल्या वर्षापासून ते बिनसलं. गाडी घसरायला लागली. साध्या वळणावर गिरकी, पुन्हा गिरकी. "पेडलच खराब आहे," हे म्हणायचे. ते खोलून बसायचे, आतलं रबर बदलायचे, स्क्रू आवळायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कप्तान म्हणायचे, "होतं रे असं, सोड." मग हळूहळू ह्यांना मधलाच पल्ला मिळायला लागला, जिथे रस्ता मोकळा असतो. ह्यांच्या ते ध्यानात आलं होतं. हे बोलत नव्हते, पण जेवताना घास तोंडात घोळत बसायचा.

तेव्हाच कंपनीने ह्यांचं लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं काम काढून घेतलं आणि भांडारात बसवलं. दोनदा तोल गेला होता म्हणे. स्कूटरही ह्यांनी आपणहून दिराला देऊन टाकली. विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखतो. साखर होतीच, गोळ्याही होत्या, त्या कधी घ्यायचे कधी विसरायचे. मी बडबडायची, हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एवढ्या सगळ्यात ह्यांच्याकडे आपलं म्हणावं असं एकच उरलं होतं, ते म्हणजे त्या सीटवरची जागा.

त्या रविवारी शेवटचा पल्ला ह्यांनी मागून घेतला. "मला एकदा देऊन तर बघा," असं हेडफोनमध्ये म्हणाले. नवरा कोणाकडे असं मागतोय हे मला ऐकवेना. मी खिडकीच्या पडद्याचं कापड शिवत बसले.

हे छान चालवत होते. निदान कप्तान ओरडत नव्हते, म्हणजे छानच असणार. दोरा संपला म्हणून मी नवं रीळ घ्यायला वाकले आणि सहज नजर पेडलांकडे गेली. डावा मोजा पुढून लाल झाला होता. ब्रेकवर रक्त होतं. हे पाय उचलायचे, तेव्हा चवड्यात रुतलेलं टाचणीचं निळं डोकं दिसायचं. पाय पुन्हा दाबायचे, की ते आणखी आत जायचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं वेड? पायात टाचणी घुसलीय, रक्त गळतंय, आणि हा माणूस शर्यत सोडायला तयार नाही! मी उठले आणि भिंतीतली वायर उपटली.

स्क्रीन काळा पडला. हे माझ्याकडे बघतच राहिले.

"काय केलंस तू हे? शेवटच्या दोन फेऱ्या होत्या!"

"खड्ड्यात गेल्या तुमच्या फेऱ्या! पायात टाचणी घेऊन बसलाय आणि वर मलाच विचारताय?"

"कुठे?" हे म्हणाले.

त्यांनी आधी उजवा पाय उचलून बघितला.

मी जागच्या जागी खाली बसले. शिवणकामाचं घर आमचं, टाचण्या जमिनीवर पडायच्याच. आधी दर आठवड्याला एखादी ह्यांच्या पायाला लागायची आणि हे घर डोक्यावर घ्यायचे. "ह्या घरात चिलखत घालून फिरायचं का?" म्हणायचे. कितीतरी महिन्यांत हे ओरडले नव्हते. मला वाटलं होतं, मी सुधारले.

डावा मोजा काढला. टाचणी मी ओढली, तेव्हा ह्यांनी हूं की चूं केलं नाही. आपल्याच पायाकडे हे असे बघत होते, जणू तो कोणी तरी तिथे विसरून गेलंय. मग फोन वाजला. कप्तान होते. "लाइट गेली रे," हे म्हणाले. "सॉरी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ह्यांना डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात जाडसर नायलॉनचा दोरा होता, तसला माझ्याकडे रिळाने पडलाय. तो त्या तळव्याला टेकवायच्या आणि हे सांगणार, लागलं की नाही. उजव्या पायाचं बरंच ठीक निघालं. डाव्याची पाळी आली.

"लागलं," हे म्हणाले. "आता लागलं. हो, लागलं."

बाईंनी दोरा कधीच बाजूला घेतला होता. त्या नुसत्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी खिडकीकडे. हे आपले डोळे मिटून, शाळेतल्या मुलासारखे, थोड्या थोड्या वेळाने "लागलं" म्हणत होते. आयुष्यात मला ह्यांचा इतका राग कधी आला नाही, आणि इतकी माया पण कधी आली नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कधीपासून कळत नव्हतं?"

"बरेच दिवस."

"मग बोलायला काय तोंड शिवलं होतं?"

"बोललो असतो, तर चालवू दिलं असतंस?"

नसतंच दिलं.

जखम चिघळली. औषधं झाली, ड्रेसिंग झालं, शेवटी डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला हेच नशीब समजा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या पायावर पुढून जोर द्यायचा नाही, कधीच नाही. हे घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गाडीवर मी चादर टाकली. उगाच ह्यांच्या नजरेला पडायला नको.

फोन वाजायचा, हे घ्यायचे नाहीत. शेवटी एका संध्याकाळी मीच घेतला. कप्तान आणि मास्तर दोघंही लाइनवर होते. मी काही सजवून सांगितलं नाही. साखरेने बधिर झालेला पाय, टाचणी, बोटं, सगळं सांगून टाकलं.

मग मास्तर म्हणाले, "वहिनी, त्याच्या ब्रेकचे आकडे आम्हाला दिसतात. जोर कधी सगळाच्या सगळा, कधी नुसताच शून्य. आम्हाला वाटलं, तो पितो की काय. विचारायची हिंमत झाली नाही."

"विचारायचं होतं हो," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "मी इथे तीन हातांवर बसून असते, मला नाही दिसलं. तुम्हाला तिथून दिसलं, आणि तुम्ही गप्प बसलात?"

"चुकलं," कप्तान म्हणाले. "पण जागा त्याचीच आहे. आम्ही दुसरा माणूस घेणार नाही."

फोन स्पीकरवर आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. ह्यांनी पलंगावरून आवाज दिला, "घ्या दुसरा! कीव नकोय मला कोणाची."

हाताने दाबायचा ब्रेकही मिळतो. मास्तरांनी तो पाठवला. ह्यांनी एकदा जोडला, दोन वळणं घेतली आणि काढून खोक्यात घातला. म्हणाले, हात आधीच स्टिअरिंगमध्ये गुंतलेले असतात, ब्रेक हे पायाचंच काम. मग पुन्हा भिंत.

ह्यांचं हे असं पडून राहणं मला सोसेना. भांडण सोसतं, गप्प बसणं नाही. एका दुपारी मी चादर ओढून काढली, ह्यांचाच पाना घेतला आणि ब्रेकचं पेडल सांगाड्यापासून सोडवायला बसले.

हे ताडकन उठून बसले. "अगं, काय करतेस? उलटा फिरवतेयस, आटे जातील!"

"मग या आणि सुलटा फिरवा."

आले. लंगडत, शिव्या देत, पण आले. पेडल सुटं झालं, ते आम्ही सीटच्या डावीकडे फळीवर पक्कं बसवलं आणि मी त्याच्यापुढे माझं शिवणाचं स्टूल ओढलं. "उजवा पाय तुमचा आहे की अजून," मी म्हटलं. "वेग तुम्ही द्या, वळवा तुम्ही. डावा पाय माझा. जन्मभर पायाखाली शिवणयंत्राची मोटरच चालवतेय मी. कधी दाबायचं तेवढं सांगा."

"वेड लागलंय तुला."

"लागलंय. बसा."

पहिल्याच वळणावर आम्ही भिंतीत गेलो. दुसऱ्यावरही. हे "आता" म्हणायचे, तो शब्द माझ्या कानात शिरून पायापर्यंत उतरेस्तोवर गाडी गवतात. "अगं दाब म्हणजे दाब, धाडकन लाथ नको मारूस!" "मग आधी सांगा ना, घसरल्यावर काय सांगताय!" शेजारीण डोकावून गेली. कप्तानांना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग म्हणाले, "दोन्ही पाय एकाच माणसाचे हवेत असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात दोघांना धरलंय मी."

आम्ही रोज दुपारी बसायला लागलो. मग एकदा काय झालं, समोर लांब उतार आणि तळाशी उजवं वळण, ह्यांचं लाडकं. हे "आता" म्हणायला तोंड उघडणार, तोवर माझा पाय गेला. मी ह्यांच्या खांद्याकडे बघत होते. ब्रेकच्या आधी तो जरासा वर येतो. गाडी खाली बसली, वळली आणि सरळ बाहेर पडली. ना घसरली, ना कुठे लागली.

ह्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मला वाटलं, माझ्यावर रुसले, विचारलं का नाही म्हणून.

"काय लागलं?" ह्यांनी विचारलं.

"कुठे काय लागलं? मस्त गेली की."

"गाडीचं नाही गं. पायाला. दाबलास तेव्हा पायाला काय लागलं?"

मी विचार केला. असं कोणी कधी विचारलेलं नव्हतं. "आधी मऊ," मी म्हटलं. "मग एकदम घट्ट. मग खालून कोणी तरी परत ढकलतंय असं."

"टाचेकडे की बोटांकडे?"

"अंगठ्याच्या खाली, चवड्याला. थोडं आतल्या बाजूला."

ह्यांनी डोळे मिटले. हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"हो," हे म्हणाले. "तिथेच लागायचं." आणि जरा थांबून, "पुन्हा दाब. आणि सांग."

मला रडू फुटलं होतं. पण पाय मी उचलला नाही, दाबला, आणि एकेक सांगत गेले.