दोनशे तेरावा तुकडा

काचेवर दोनशे तेरा तुकडे होते. वहीत दोनशे बारा.

चार चाके, चार टायर, अठ्ठावीस पितळी नळ्या, टाचणीच्या डोक्याएवढे एकशे चार खिळे, सहा पट्टे, एक स्टिअरिंग. आणि लाकडाचे, पत्र्याचे, अभ्रकाचे मिळून पासष्ट. वहीतली बेरीज बरोबर होती. वर उरलेला एक तुकडा काचेच्या कोपऱ्यात एकटा पडला होता. तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पितळी काडी.

आश्विनातले ऊन खिडकीतून आले आणि काचेवर आडवे झाले. पिवळे, पातळ, वार्निशासारखे ऊन. खाली कोल्हापूरचे उद्यमनगर गप्प होते. खंडेनवमी होती, भट्ट्या विझलेल्या होत्या, लेथच्या गळ्यात झेंडू होते, आणि रोज आकाशाला काळी किनार लावणारा धूर आज नव्हता. धुरावाचूनचे आकाश उघडे वाटत होते. पापणी नसलेल्या डोळ्यासारखे उघडे.

काचेपुढे बसले होते भूपाल मगदूम, घरचे आप्पा. वय एकसष्ट. चौतीस वर्षे त्यांनी फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न कोरले. जे लोखंडात हवे ते आधी लाकडात करायचे, ते वाळूत दाबून उचलायचे, आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे. लाकूड चुकले की लोखंड चुकते. चौतीस वर्षांत त्यांचे लाकूड चुकले नव्हते.

आता ते मोटारी कोरत. शर्यतीच्या मोटारी, वीसास एक या प्रमाणात. खऱ्या गाडीचे वीस मिलिमीटर म्हणजे काचेवरचा एक. भिंतीवरच्या फळीवर अशा पाच गाड्या उभ्या होत्या, पाच हंगामांच्या, आणि पाचही एकाच मुलीच्या. राजुल, त्यांची लेक, चोवीस वर्षांची. हंगामात ती जी गाडी चालवी, ती आप्पा सागवानात उतरवीत.

ही सहावी. जास्वंदी रंगाची. एकावर एक सात थर, प्रत्येक थर श्वासाएवढा पातळ. सातव्यानंतर लाकूड लाकूड राहिले नाही, ओले झाले, खोल झाले, विहिरीतल्या संध्याकाळसारखे झाले. आसनाचे सहा पट्टे राजुलच्या चौथीतल्या रिबिनीतून कापलेले. बकले दंतमंजनाच्या डबीच्या पत्र्याची. बाजूवर तिचे नाव, तीन केसांच्या कुंचल्याने, भिंगाखाली, श्वास रोखून.

या घरात शर्यतीच्या दोन रीती होत्या. निघण्याआधी राजुल लहान गाडीच्या चारही चाकांना करंगळी लावी; चारही गोल फिरली की मगच उंबरा ओलांडी. आणि शर्यत सुरू झाली की आप्पा ती बघत नसत, ऐकत. तिचा मेकॅनिक इंद्रजित फोन लावून ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवर ठेवून देई. इकडे आप्पा वही घेऊन बसत. एक गाडी गरजत गेली की एक रेघ. अठरा गाड्या, अठरा रेघा, एक फेरी. घणांच्या गदारोळात एकेक घाव वेगळा ऐकणारे ते कान होते. वहीची मागची पाने रेघांनी भरली होती, उभ्या पावसासारखी.

आणि दोनशे तेरावा तुकडा?

त्याची गोष्ट श्रावणातली.

आषाढात सरावाच्या वेळी राजुलची गाडी टायरच्या कठड्यावर गेली होती. उजवे पुढचे चाक दुमडले. राजुलला खरचटलेही नाही. पंधरा दिवसांत गाडी दुरुस्त होऊन आली. चाकाला चौकटीशी धरून ठेवणारी नळी, जिला गॅरेजात आर्म म्हणतात, ती काळ्या रंगात नव्यासारखी चकचकत होती.

“इंद्रजित म्हणतोय नवीनच टाकलाय,” राजुल म्हणाली होती.

नागपंचमीला गॅरेज बंद होते. गाडी एकटी होती. त्या दिवशी घरात विळी चालत नाही, चिरणे नाही, कापणे नाही. आप्पा म्हणाले, मी कापत नाही, मोजतो. सबंध दुपार ते त्या लाल देहाभोवती फिरले. बाहेर वारुळावर दूध सांडलेले. आत पट्टीची चांदीरंगी जीभ नळीवरून सरकत गेली, थांबली, सरकत गेली.

डावा आर्म: तीनशे मिलिमीटर. उजवा आर्म: दोनशे सत्त्याण्णव.

वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक उतरले. दमलेल्या हाताने ते वाचले नाहीत, लिहिले.

भाद्रपदात, रंगाआधी, सगळे तुकडे कोरडेच जुळवून त्यांनी गाडी काचेवर उभी केली. उजवे पुढचे चाक किंचित आत कलले होते. काही तरी ऐकण्यासाठी मान तिरकी करावी तसे.

आप्पांनी वही काढली. तीनशे. दोनशे सत्त्याण्णव. आणि ते हसले.

कारण पॅटर्नवाल्याच्या पिशवीत दोन पट्ट्या असतात. एक साधी. दुसरी आकुंचनाची. ओतलेले लोखंड थंड होताना शंभरात एक भाग आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा कोरावा लागतो. आणि दर वेळी हिशेब नको, म्हणून त्या पट्टीच्या खुणाच शंभरात एक भाग लांब असतात. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. मात्र त्या पट्टीने साधी वस्तू मोजली, तर शंभरात एक कमी भरते. तीनशेचे दोनशे सत्त्याण्णव.

शंभरात एक. किती ओळखीचे अंतर! चौतीस वर्षे हाडात मुरलेले. उजवी बाजू मोजताना हाताला दुसरी पट्टी लागली असणार, नक्कीच लागली असणार. त्यांनी तीनशेच्या मापाची नवी काडी कापली, पंधरा मिलिमीटर. चाक सरळ झाले. काच आणि चाक यांच्यामधून उजेडाची रेघही जाईना.

तीन मिलिमीटरांना दोन कारणे असू शकत होती. ओळखीचे कारण आधी आले, आणि दुसऱ्यासाठी दार लागले.

जुनी काडी त्यांनी टाकली नाही. पॅटर्नवाला तुकडा टाकत नाही. म्हणून ती खंडेनवमीला काचेवर होती, हत्यारांसोबत हळदीकुंकू घेत. दोनशे तेरावी.

दसऱ्याला गाडी पूर्ण झाली. गुरुवारी राजुल निघाली. शर्यतीची गाडी ट्रकवर चढून आदल्या दिवशीच गेली होती, दक्षिणेला, सातशे किलोमीटरवर.

“आप्पा, औंदा रंग लई झणझणीत झालाय. खऱ्या गाडीला असला न्हाई.”

“खरीला सात हात दिले असते तर झाला असता. बूड टेकून बसतंय कोण तिथं.”

“इंद्रजितला सांगतो, आप्पानं नावं ठेवली म्हणून.”

“सांग की. भितो काय त्याला?”

ती हसली. खाली वाकली. करंगळी चाकावर ठेवली. डावे मागचे. उजवे मागचे. डावे पुढचे. उजवे पुढचे. चारही फिरली. गोल, निःशब्द, निर्दोष.

“येतो आप्पा,” ती म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी म्हणतात तसे, येतो.

सर्वांत जास्त वेळ उजवे पुढचे चाक फिरत राहिले. ती जिना उतरून गेल्यावरही फिरत होते.

रविवार उजाडला तो तांबूस. भट्ट्या पुन्हा पेटल्या होत्या. आकाशाची काळी किनार पुन्हा जागेवर आली होती. शर्यत अकराला. साडेदहाला जिन्यावर चपला वाजल्या. शौकत जमादार आले. फौंड्रीत आप्पांनी पॅटर्न कोरायचा आणि शौकतने वाळू ठोकायची, अशी चौतीस वर्षांची जोडी.

“काय भूपाल, खेळण्यातनं उठतोस का न्हाई?”

“ये बस. चहा ठेवायला सांगतो.”

“चहा ऱ्हाऊ दे. ही घे बाबा तुझी पट्टी. जावयाला पाहिजे होती म्हणून नेलेली, त्यो काय द्यायचं नावच घेईना. शेवटी हिसकावून आणली.”

काचेवर पट्टी ठेवली गेली. पोलादी, लांब, थंड. आकुंचनाची.

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. “कधी नेलीस तू?”

“कधी म्हंजे? बेंदराला. तूच न्हाईस का दिली, पिशवीतनं काढून? बैलांची मिरवणूक खालनं चाललेली. म्हातारा झालास लेका.”

बेंदूर आषाढात. नागपंचमी श्रावणात.

ज्या दिवशी गाडी मोजली, त्या दिवशी पिशवीत एकच पट्टी होती.

खिडकीतले ऊन काचेवर होते तसेच होते. तेच पिवळे, तेच पातळ. पण आप्पांना वाटले, ते वाळूसारखे दाबले जाते आहे, वरून, बाजूंनी, कानाकोपऱ्यांतून. आणि मधोमध त्यांच्या आकाराची पोकळी तयार होते आहे.

राजुलचा फोन बंद होता. हेल्मेट चढले की तो बंदच असतो. इंद्रजितचा वाजत राहिला. एकदा. पाचदा. अकरा वेळा. शौकत उभेच होते. “काय झालं रं?” त्यांनी विचारले.

अकराला दोन मिनिटे असताना, रीतीप्रमाणे, तिकडूनच फोन आला. मागे इंजिनांचा गरजता समुद्र.

“आप्पा, ठेवतो भिंतीवर! काढा वही!”

“इंद्रजित. उजवा आर्म. नवा टाकलेलास का?”

समुद्र. फक्त समुद्र.

“इंद्रजित!”

“आप्पा... नवा यायला महिना लागला असता. तुटल्यालं कापून काढलं, जुनाच जोडलाय. पण लई मजबूत जोडलाय, आईशप्पत. तुमाला कुणी सांगितलं?”

करवत खाते तेवढे. कानस खाते तेवढे. तीन मिलिमीटर. काळ्या रंगाखाली, नळीच्या पोटात, एक सांधा.

“थांबव तिला.”

“आप्पा, सुटल्या गाड्या!”

आणि खरोखर सुटल्या. फोनमधून काहीतरी फाटत गेले; कापड नव्हे, आभाळ नव्हे, अंतर. अठरा गाड्यांनी एकदम फाडलेले अंतर.

“फळा दाखवतो तिला, आत ये म्हणून! बघितला तर पुढच्या फेरीला येतीया आत! मग सतराच मोजाल तुमी!” इंद्रजित ओरडला. त्याच्या पावलांचा आवाज दूर पळत गेला. फोन भिंतीवर राहिला.

आप्पांनी वही उघडली. मागचे कोरे पान.

दहा फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीत सात डावी वळणे. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा सगळा भार उजव्या पुढच्या चाकावर येतो, हे त्यांना ठाऊक होते. सत्तर वेळा तो भार त्या सांध्यावर येऊन बसणार होता. सतरा रेघा दोन कारणांनी होऊ शकतात, हेही त्यांना ठाऊक होते.

पहिली फेरी एकच लाट होऊन गेली. दुसरीही. गाड्या अजून एकमेकींना चिकटलेल्या, मोजता येईनात.

मधल्या शांततेत त्यांनी काचेच्या कोपऱ्यातली काडी उचलली. मायक्रोमीटरच्या जबड्यात धरली. कोपर टेकवून त्याची मूठ हलके फिरवत आणली, पुरेशा दाबाची तीन टकटक ऐकू येईपर्यंत. चौदा पूर्णांक पंच्याऐंशी शतांश. गुणिले वीस. दोनशे सत्त्याण्णव.

ती महिनाभर खरे तेच सांगत पडून होती.

जास्वंदी गाडी समोर उभी होती. चारही चाके सरळ. ऊन तिच्या सातव्या थरात उतरले होते आणि वर येत नव्हते. बाजूवर तीन केसांनी लिहिलेले नाव. आत, रिकाम्या आसनावर, चौथीतल्या रिबिनीचे सहा पट्टे, आवळून बांधलेले.

शौकत जवळ येऊन बसले. त्यांनी आपला जाड, वाळूने झिजलेला हात मित्राच्या गुडघ्यावर ठेवला. फोनमध्ये वारा होता. मग वाऱ्याच्या तळाशी एक बारीक सूर उगवला. जवळ आला, जाड झाला, गरजला, गेला. रेघ. पुन्हा सूर. रेघ. आता गाड्या सुट्या झाल्या होत्या. घाव वेगळे ऐकू येत होते.

पेन्सिल थांबली, तेव्हा आप्पांनी रेघा दोनदा मोजल्या.

तिसरी फेरी: अठरा.

वारा. सूर. रेघ. सूर. रेघ.

चौथी फेरी: अठरा.

वारा. सूर. रेघ.

पाचवी फेरी: सतरा.