मजीदचा पाय आणि दादीचा अकीक

मजीद पारकरचा उजवा पाय जन्मापासून हलतोय. दाभोळला त्याचा पाळणा कुणाला हलवावाच लागला नाही म्हणतात. उलट दोन बायका तो धरून ठेवायला बसायच्या. आता दोह्यात, फरीज बिन ओमरानमधल्या इमारतीत, त्याच्या खालच्या मजल्यावर राहणारा मल्याळी वर येऊन विचारून गेला की भाईसाब, शिलाईचं मशीन कितीला घेतलंत. यातलं पाळण्याचं कुणाला पटलं नाही तर सोडून द्या, पण पाय हलतो हे मात्र कुणीही जाऊन बघावं.

हात मात्र हलत नाही. सूक वाकिफच्या बाजारात अंगठ्यांच्या गल्लीत, दुकानामागच्या खोलीत मजीद अकीक घासतो. अकीकची चकती लाखेने काडीवर चिकटवायची, सानेच्या फिरत्या चाकावर पाण्याच्या धारेखाली तिला गोलाई आणायची, मग चामड्यावर पांढरी पूड लावून चकाकी. झाला अंगठीचा नगीना. खाली पाय नाचत असतो आणि वर हात एखाद्या पीराच्या मजारीसारखा स्थिर. आणि तोंड? ते पायाच्या बाजूचं.

या तोंडानेच घोटाळा केला.

त्याच्या मुलीचं, निदाचं, जैदशी ठरलं होतं. आपल्यात पुरुष सोनं घालत नाहीत, तेव्हा मंगनीला मुलीचा बाप जावयाला चांदीची अंगठी घालतो, आणि बाप मजीद असल्यावर तीत अकीक असणारच. पण नगीन्याचा दगड जैदच्या आजीने स्वतः आणला. जैतूनदादी हर्णैची, गलबतावरच्या तांडेलाची बायको, आता मुलाकडे समुद्रकाठच्या अल रुवैसला राहायला आलेली. तिने रुमालाची गाठ सोडली. आत अकीकची चकती होती. इतकी पातळ, की बाजूने पाहिली तर नाहीशीच व्हायची. उजेडाला धरली तर मधासारख्या दगडात एक काळं झाड, फांद्यांसकट, कुणी कुंचल्याने काढावं तसं. अल्लाच्या हातचं.

"ह्यांनी खंबायतच्या बंदरातून आणलेली," दादी म्हणाली. "सगळे कारागीर म्हणाले, म्हातारे, हात लावला की फुटेल."

"फुटेल?" मजीद म्हणाला. "दादी, मी कांद्याच्या पापुद्र्याचा नगीना करून दिलाय एका शेखला."

हनियाने, त्याच्या बायकोने, पदराआड कपाळावर हात मारला.

"आरपार दिसलं पाहिजे हो झाड," दादी म्हणाली.

"दिसणारच. आपल्याकडे जोडकाम नाही. पाठीला काचा चिकटवून विकणारे आहेत आमच्या गल्लीत एक महाशय, नाव घेत नाही, नसरुद्दीन. गोंदाने लावलेला दगड म्हणजे भाड्याने आणलेला नवरदेव, कधी उठून जाईल सांगता येत नाही."

नवरदेव समोरच बसला होता. त्याने सरबत गिळलं. निदा खालच्या आवाजात म्हणाली, "अब्बा, प्लीज स्टॉप शेकिंग द टेबल."

मंगनी शुक्रवारी होती.

त्या दिवसापासून मजीदला बसवेना, उठवेना. चकती डबीतून काढायचा, बघायचा, ठेवायचा. रस्त्यात सिग्नलला काढायचा. मागचे हॉर्न वाजवायचे, तर हा झाडाकडे बघत असायचा. काम सुरू कर, तर धीर होईना; ठेवून दे, तर चैन पडेना.

"अहो, सारखी हाताळून झिजेल ती," हनिया म्हणाली. "मंगनीला नुसतं झाडच उरेल."

शेवटी बुधवारी दुपारी त्याने लाख काढली. आता लाख लावायची तर दगड आधी सगळीकडून सारखा कोमट हवा. खंबायतचे उस्ताद चुलीच्या कडेला ठेवायचे. सूकमधल्या दुकानात जाळ चालत नाही, पण जून महिन्यातल्या दोह्यात चूल हवी कुणाला? गाडी उन्हात उभी करायची, दगड डॅशबोर्डवर मांडायचे. मजीदच्या डॅशबोर्डवर एकदा अंडं राहिलं होतं, त्यातून कोंबडीच बाहेर आली, तीही भाजलेली, असं तो सांगतो. जाड दगडांना ही युक्ती कायम चालली होती.

चकती तापली, लाख बसली, काडी उभी राहिली. आता ती फडक्यात गुंडाळून, सावलीत ठेवून, गपचूप एक चहा प्यायचा. एवढंच करायचं होतं. पण चहा पिईपर्यंत बसेल तो मजीद कसला. तो गाडीतून निघाला तो तरातरा एसीने गारठलेल्या खोलीत शिरला आणि चकती सरळ सानेच्या गार पाण्याखाली धरली.

टिक्.

आवाज केवढा? झुरळाने पाय मुडपावा एवढा. पण मजीदला तो छातीत ऐकू आला. कडेपासून झाडाच्या बुंध्यापर्यंत केसासारखी रेघ गेली होती. तुकडे झाले नव्हते. पण त्यावर सान लागली असती तर झाले असते.

भिंतीपलीकडून आवाज आला, "मजीदभाई, सान बंद का केलीस?"

नसरुद्दीनची खोली पलीकडेच होती. मधली भिंत लाकडी फळीची, तीतून गेली कैक वर्षं टोमणे ये-जा करायचे.

"गेला माझा दगड," मजीद म्हणाला.

नसरुद्दीन आला. जाड, संथ माणूस. एक पाऊल टाकलं की दुसऱ्याचा विचार करणारा. त्याने काडी उजेडात फिरवली.

"डॅशबोर्ड?"

"हं."

"आणि लगेच पाणी?"

"आता काय फासावर देतोस?"

"पाठीला काहीतरी लावावं लागेल. त्याशिवाय हा सान सोसायचा नाही." नसरुद्दीनने काडी खाली ठेवली. "भाड्याचा नवरदेव म्हणालास ना मला? गल्लीत पोचलंय."

"तुला नाही. दगडाला म्हणालो."

"काळी काच लावली तर झाड दिसायचं नाही," नसरुद्दीन म्हणाला, जणू ऐकलंच नाही. आपल्या खोलीतून त्याने शिंपल्याचा एक सपाट तुकडा आणला, पांढरा, आतून चमक मारणारा. लाख हलकेच सोडवली, रेघेत पातळ गोंद भरला, पाठीला शिंपला बसवला. मग चकती टेबलावर ठेवून मजीदचा अंगठा तिच्यावर टेकवला.

"माझा शिकंजा मोडलाय. दाबून धर. जास्त नाही, कमी नाही. मी नमाज पढून येतो. हललास तर शिंपला सरकला, आणि सरकला की खलास."

"आणि पाय?"

"पाय तुझा आहे. चिकटव त्यालाही."

तो गेला. मजीद बसला. आधी गुडघ्यात मुंग्या आल्या, मग त्या मुंग्यांनाही मुंग्या आल्या. नाकावर माशी बसली. दोह्यातल्या एसीत माशी कुठून यावी? पण बसली, आणि बसली तर हलेना. कपाळावरून घाम उतरला, भुवईवर थबकला. माशीला चेंगरून मारावं असं वाटलं. पाय मात्र फरशीला टेकलेलाच राहिला. सूकमध्ये त्या वेळी आले होते ते सांगतात, गल्ली अशी शांत झाली की मसाल्याच्या दुकानातली कबुतरं घाबरून उडाली.

नसरुद्दीन परतला तेव्हा त्याने आधी पायाकडे पाहिलं, मग मजीदच्या तोंडाकडे. चहा पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून सान चालवली. पाणी कोमट ठेवलं. गोलाई अगदी उथळ दिली, बशी पालथी घालावी तेवढीच. चामड्यावर नगीना आला आणि झाड पेटलं. शिंपल्याची चमक मधातून वर येत होती, जणू झाडामागे पहाट होत होती. आधीपेक्षाही देखणं. रेघ मात्र होती, बुंध्याच्या बाजूला.

"सांगशील ना?" नसरुद्दीन म्हणाला.

"कशाला? कुणाला कळणारे?"

"नमाजाआधी वजूला रोज पाच वेळा पाणी लागणार. कधी गरम नळ, कधी ऊन. काढून ठेवायची असते जोडाची अंगठी. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. पोराला माहीत नसेल तर ईदपर्यंत शिंपला एकीकडे, झाड दुसरीकडे."

त्या रात्री खालचा मल्याळी दोनदा वर आला.

शुक्रवारी असरच्या नमाजानंतर हॉल भरला. नसरुद्दीनला हनियाने मुद्दाम बोलावलं होतं. तो सामोशांच्या ताटाशी उभा होता. मजीदने डबी उघडली. दादीने अंगठी चष्म्याजवळ नेली, मग दिव्याला धरली.

"आरपार दिसत नाही रे." तिने बोट फिरवलं. "आणि ही फांदी आधी नव्हती."

मजीदच्या तोंडात गोष्ट तयारच होती. "दादी, अकीक जिवंत असतो. माणसाच्या घरी आला की वाढतो. दाभोळला एका हाजींच्या अंगठीतल्या झाडाला तर कैऱ्या..."

नसरुद्दीन खोकला नाही, हसला नाही. सामोसा हातात धरून तसाच उभा राहिला. जैद मात्र हसला, आणि त्याने बोट पुढे केलं. भोळं, आजच वजू करून आलेलं बोट. मजीदने त्या बोटाकडे पाहिलं. कैऱ्या तिथेच गळाल्या.

"तडकला, दादी. माझ्या हातून. एक चहा पिण्याएवढंही थांबलो नाही, घाई केली. पाठीला शिंपला जोडलाय, आणि तो नसरुद्दीनने जोडलाय." मग जैदकडे वळून, "वजूच्या आधी काढत जा बाबा. उन्हात ठेवू नको."

टेबल हललं नाही, सरबताची गिलासं वाजली नाहीत. निदाने खाली वाकून बापाचा पाय बघितला.

"शिंपला कुठला?" दादीने विचारलं.

"अल रुवैसचा," नसरुद्दीन म्हणाला. "किनाऱ्यावर मिळालेला."

दादीने अंगठी जैदच्या बोटात घातली. दात दिसेल असं हसली. दात एकच होता. "ह्यांचे सगळे दात जोडलेले होते, मजीदभाई. मेले तेव्हाही तोंडात होते." मग तिने कमरेची गाठ सोडली आणि दुसरा रुमाल काढला. "ही धाकट्या नातवासाठी. पहिलीपेक्षा जरा पातळ आहे."

रुमालात काहीच नव्हतं. दादीने तो तिरका केला तेव्हा चकतीची कडा चमकली.

"दोघं मिळून करा," ती म्हणाली. "आणि हा आधी चहा पितो की नाही ते तू बघ, नसरुद्दीन."

मजीदने रुमाल हातात घेतला. टेबलावरची गिलासं हळूहळू किणकिणू लागली.