शिंजिरांचा मध

नणंद-भावजय एकमेकींना पाण्यात पाहायच्या. त्यात घर एक, आणि नोकरीही एकाच पक्षीघरात, म्हणजे सुटका कुठेच नाही.

नणंदेला सगळे अक्का म्हणायचे. शिंजिरांचं खाणं तिच्याकडे होतं. शिंजीर म्हणजे फुलातला मध चोखणारे इवलेसे पक्षी. जाळीच्या पिंजऱ्यात फुलं पुरणार कशी? म्हणून अक्का साखर, पाणी आणि बरणीतला मध कालवून काचेच्या नळ्या भरायची. तिच्या धाकट्या भावाची बायको तिथे डॉक्टर होऊन आली आणि आल्या आल्या तिने बरणीलाच हात घातला.

"वन्सं, मध आजपासून बंद. त्याने बुरशी धरते. ही पावडर कालवायची, हिच्यात प्रथिनंही आहेत."

"इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन जगले, ते काय हवेवर?"

"जगले म्हणता? पिसं बघा त्यांची. झिजलेल्या खराट्यासारखी झालीत."

अक्काच्या मस्तकात तिडीक गेली. तिने पावडर कालवली, पण नाक मुरडूनच. शिंजिरांनीही नव्या नळीत चोच घातली आणि मान झटकून थेंब उडवले. अक्काला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"बघा डॉक्टरीणबाई, थुंकतायत!"

"चार दिवस नखरे करतील. तुमच्यासारखेच."

हा शब्द जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी अक्काने पिंजऱ्याच्या टोकाला, दाट झुडपामागे, मधपाण्याची एक नळी गुपचूप टांगली. पक्षी तिकडे झेपावले आणि तिचा जीव थंड झाला. मात्र ती नळी चारचौघांत धुवायला नेणं शक्य नव्हतं. मग ती वरच्या वर भरत राहिली. उन्हाने पाणी आंबलं, तिला वास आला, तरी तिने भरली.

एका सकाळी एक मादी जमिनीवर मरून पडलेली दिसली. सगळ्यांत देखणा नर नळीसमोर नुसता फडफडत होता. त्याची जीभ बाहेर लोंबत होती, ती आत जाईना. भावजयीने त्याला मुठीत धरून चोच उघडली. आत पांढरा थर साचला होता.

"बुरशी. पण मध बंद असताना ही आली कुठून?"

तेवढ्यात संचालक आले, तेच तणतणत. "ही पावडर तुमची ना? आजच्या आज बंद करा. सगळ्या नळ्यांत पुन्हा मध. आणि उद्यापासून तुम्ही यायची गरज नाही."

भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला. अक्का याच क्षणाची वाट पाहत होती. पण तिची नजर त्या लोंबत्या जिभेवर गेली. सगळ्या नळ्यांत मध गेला तर पिंजरा रिकामा व्हायला वेळ लागणार नव्हता.

"मध मी देत होते," ती म्हणाली.

"काय?"

"बहिऱ्यासारखं काय विचारता? झुडपामागे नळी आहे, धुतलेली नाही. पावडर चालू ठेवा."

भावजयीने नर अक्काच्या हातात दिला आणि औषधाची बाटली उघडली.

"डोकं हलू देऊ नका. इतकं घट्ट नाही, गुदमरेल तो!"

"मला शिकवू नकोस."

"शिकवायलाच हवं होतं. आल्या दिवसापासून."

नर वाचला. आणखी एक मादी मात्र गेली. अक्काला पक्ष्यांच्या स्वयंपाकघरातून काढून बदकांच्या तळ्यावर घातलं, शेवाळ खरवडायला. तशी मागणी भावजयीनेच केली होती आणि तिने ती लपवलीही नाही.

रात्री जेवताना भाऊ चाचरत म्हणाला, "झालं गेलं, आता दोघींनी..."

"तू गप्प बस!" दोघी एकदमच ओरडल्या.

त्याने ताटात मान खाली घातली. थोड्या वेळाने भावजय नवऱ्याला म्हणाली, "तो नर आज आपणहून नळीवर आला. पावडर प्यायला."

अक्काचा घास हातातच राहिला. न राहवून तिने विचारलं, "किती प्यायला?"

"ते आता तुमचं काम नाही, वन्सं," भावजय म्हणाली आणि स्वतःचं ताट उचलून आत गेली.